घरात बंदूक ठेवायची म्हणता? आधी टेप आणा

आमच्या भागात कुठे घरफोडी झाली की दोन-तीन दिवसांत मला फोन येतो. "काका, परवाना कुठे काढतात? आणि पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्व्हर?" माझ्याकडे आजोबांची बारा बोअरची दुनळी आहे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप), एक बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे आणि माझे रविवार गेली बरीच वर्षं नेमबाजीच्या रेंजवर जातात. तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे यायचाच. माझं उत्तर मात्र विचारणाऱ्याला जरा विचित्र वाटतं. मी म्हणतो, घरात टेप आहे का? सुताराकडे असते ती. नसली तर आण, मग बोलू.

या लेखातही बंदूक बरीच उशिरा येते. त्याआधीचं सगळं केलंत तर कदाचित ती घ्यावीशीच वाटणार नाही. तसं झालं तर तुमचे लाखभर रुपये वाचले.

पायरी पहिली: घर मोजा

पलंगापासून मुख्य दारापर्यंत किती फूट? पॅसेज किती रुंद? माझ्या घरात पलंग ते दार २३ फूट भरतं आणि पॅसेज जेमतेम ३ फूट. मुंबईतल्या बहुतेक घरांत याहून जास्त काही निघणार नाही. म्हणजे जे काही घडेल ते सात मीटरच्या आत.

आता बेडरूमच्या दारात उभे राहा, हात लांब करून बोट मुख्य दाराकडे धरा आणि विचार करा, या बोटाच्या रेषेत पुढे काय आहे? दार. दारापलीकडे लिफ्टची लॉबी. लॉबीपलीकडे समोरच्यांचं दार, आणि त्या दाराआड त्यांचा सोफा. मग बोट जरा डावीकडे न्या. तिथे चार इंची विटांची भिंत आहे आणि तिच्या पलीकडे शेजाऱ्यांच्या मुलीचं अभ्यासाचं टेबल. दाराची फळी, प्लायवूडचं पार्टिशन, जिप्समची भिंत यांतलं काहीही गोळी अडवत नाही. चार इंची विटेवरही भरवसा ठेवू नये. आरसीसीची भिंत आणि कॉलम गोळी अडवतात, पण तिथून ती उलटून कुठे जाईल ते सांगता येत नाही.

कागदावर घराचा नकाशा काढा. ज्या दिशेला दुसऱ्याचं घर, जिना किंवा रस्ता आहे तिथे लाल पेनाने रेघ मारा. माझ्या नकाशात फक्त एक दिशा लालशिवाय उरली: हॉलच्या कोपऱ्यातला जाड कॉलम आणि त्याच्यासमोरचं पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट. गावाकडे वाड्याभोवती पाच एकर आंब्याची बाग असते तेव्हा हा प्रश्न येत नाही. आमच्या आजोबांना तो कधी पडला नाही. आपल्याला पडलाच पाहिजे, कारण इथे नेम चुकला तरी गोळी कुणाच्या तरी घरात जाते, आणि लागला तरी आरपार होऊन जाऊ शकते.

पायरी दुसरी: दाराने किती वेळ मिळतो ते बघा

रिव्हॉल्व्हर घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी एक प्रयोग केला. रात्री दिवे बंद, मी पलंगावर, शेजारी बायको मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसलेली. तिने "हं" म्हटल्यावर मी उठलो, चाचपडत कपाट उघडलं, आतल्या लॉकरचा आकडा दाबला. पहिल्यांदा चुकला. मग रिव्हॉल्व्हर काढलं, दुसऱ्या कप्प्यातून काडतुसं घेतली, अंधारात एकेक आत सारली. तिसरं काडतूस पलंगाखाली घरंगळलं. सगळं मिळून १ मिनिट ५० सेकंद. बायको म्हणाली, "अहो, चोर तोवर चहा पिऊन गेला."

हसू आलं, पण हा आकडा मी विसरलो नाही. शस्त्र नीट, कुलपात, रिकामं ठेवलं तर ते हातात यायला दीड-दोन मिनिटं जातात. ती दोन मिनिटं दाराने मिळवून द्यायला हवीत. म्हणून पहिला खर्च दारावर करा: लोखंडी सेफ्टी डोअर, चौकटीत खोल जाणारे आडवे बोल्ट, आतून अडसर, पीपहोल किंवा कॅमेऱ्याची बेल. गॅलरीला आणि डक्टकडच्या खिडकीला ग्रिल. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर ड्रेनेजच्या पाइपजवळची बाथरूमची खिडकी आधी बघा, सगळे तीच विसरतात. आगीच्या वेळी बाहेर पडता येईल असं ग्रिलमधलं एक झडप मात्र ठेवा, त्याची किल्ली जवळच लटकवा.

एवढं झालं की पुन्हा स्वतःला विचारा, बंदूक हवीच आहे का? सोन्याचांदीचा व्यवसाय, रोकड घरी आणावी लागणं, खरीखुरी धमकी, एकाकी बंगला, अशा गोष्टी असतील तर उत्तर 'हो' असू शकतं. घरात कुणी नैराश्यातून जात असेल, दारूचा प्रश्न असेल, रोजची भांडणं असतील, तर माझं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे. अशा घरात बंदुकीचा धोका चोरापेक्षा घरच्यांनाच जास्त असतो. आणि दारू स्वतः तुम्ही घेत असाल तर आपलं आपण ओळखावं.

पायरी तिसरी: परवान्याआधी एअर पिस्तूल

हा क्रम मी मुद्दाम लावलाय. बहुतेक लोक परवाना काढतात, शस्त्र घेतात, दुकानातून घरी आणतात, कपाटात ठेवतात आणि पाच वर्षांत एक गोळी झाडत नाहीत. त्यापेक्षा आधी सहा महिने शूटिंग शिका. चार दशांश पाच मिलिमीटरच्या, ठरावीक ताकदीच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि क्लबमध्ये क्लबचंच पिस्तूल वापरता येतं.

मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. नेमबाज अंजली भागवत एनसीसीतून आल्या आणि तिथेच घडल्या. दादरला शिवाजी पार्कसमोर सावरकर स्मारकात रायफल क्लब आहे. नवी मुंबईच्या बाजूला राहणाऱ्यांना पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा 'लक्ष्य' क्लब जवळ पडेल. प्रवेश, फी, वेळा प्रत्यक्ष जाऊन विचारा, बदलत असतात.

दहा मीटरवर एअर पिस्तुलाने कागदावर छिद्रं पाडण्याचा आणि रात्रीच्या चोराचा काय संबंध, असं प्रत्येक जण पहिल्या दिवशी विचारतो. संबंध असा: दोन महिन्यांत बोट आपोआप चापाबाहेर राहायला लागतं. नळी कुठे वळलीय याचं भान पाठीला डोळे फुटल्यासारखं येतं. या दोन सवयी लागल्या तर बाकी सगळं शिकता येतं. न लागल्या तर परवान्याचा अर्ज करू नका.

शब्द इथेच पक्के करून घ्या, कारण नवखे गोंधळतात. बोटाखाली येतो तो चाप. मागे उठतो आणि आपटतो तो घोडा. आत घालतो ते काडतूस, त्यातून निघते ती गोळी, मागे उरते ती पुंगळी. आणि चार नियम, जे रेंजवर तुमच्याकडून घोकून घेतले जातील: प्रत्येक शस्त्र भरलेलंच समजायचं, ज्याचं नुकसान चालणार नाही त्यावर नळी वळवायची नाही, नेम धरल्याशिवाय बोट चापावर जायचं नाही, नेमाच्या मागे काय आहे ते माहीत असलं पाहिजे. चौथा नियम म्हणजे तुमचा लाल पेनाचा नकाशा.

पायरी चौथी: परवाना

कायदा आहे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे २०१६ चे शस्त्र नियम. वय २१ पूर्ण हवं. मुंबई शहर आणि उपनगरात परवाना देणारे अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त, कार्यालय क्रॉफर्ड मार्केटसमोर. आता अर्ज ऑनलाइन, केंद्राच्या एनडीएएल-एएलआयएस या प्रणालीवर भरायचा, नमुना ए-१. ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा-प्रशिक्षणाचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, आयकराची विवरणपत्रं असा तो ढीग असतो. मग स्थानिक पोलीस ठाण्याची चौकशी. घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात, गुन्हे तपासतात, तुम्हालाही बोलावतात.

खरी अडचण कागदांची नसते, कारणाची असते. नुसतं 'आत्मसंरक्षणासाठी' लिहिलेला अर्ज मुंबईत पुढे सरकत नाही. तुम्हालाच धोका का, हे दाखवावं लागतं: धमकीची एनसी (ठाण्यातली अदखलपात्र नोंद) किंवा गुन्ह्याची प्रत, रोकड किंवा दागिने नेण्या-आणण्याचं व्यवसायाचं स्वरूप, घर एकाकी असल्यास तसा पुरावा. जे खरं आहे तेच लिहा. धमकीची खोटी तक्रार रचणारे महाभाग मी पाहिलेत, आणि चौकशीत ते कसे उघडे पडतात तेही. माझी स्वतःची फाइल एका टेबलावर सात महिने निवांत पडून होती आणि शेवटी 'पत्त्याचा पुरावा जुना आहे' एवढ्यावर परत आली. म्हणून दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच आणि स्वतःची एक झेरॉक्स फाइल ठेवा. 'आतून करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला चहासुद्धा पाजू नका.

अर्ज नाकारला तर कारण लेखी नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, ते मागून घ्या. कलम १८ खाली अपील करता येतं. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही कायद्यात लिहिलेलं आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. एका माणसाला आता जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच करा. मुदत संपलेल्या परवान्याचं शस्त्र घरात असणं म्हणजे बेकायदा शस्त्र घरात असणं. परवाना कुठल्या भागापुरता वैध आहे, एका वेळी आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील, हे परवान्यावरच छापलेलं असतं. ते पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. पावती घ्या, पावतीवर शस्त्राचा नंबर बरोबर आहे का तिथेच उभ्याउभ्या वाचा.

पायरी पाचवी: कुठलं घ्यावं

सामान्य माणसाला मिळणारा परवाना बंदी नसलेल्या बोअरचा. ९ एमएम बंदी असलेल्या बोअरमध्ये मोडतं, त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात आहे. म्हणजे सिनेमात दिसणारी बहुतेक पिस्तुलं विसरा. परदेशी शस्त्रही सरळ आयात करता येत नाही. जुनी परदेशी शस्त्रं हातोहात फिरतात, अवाच्या सवा किमतीला. उरतात तीन पर्याय.

बारा बोअरची बंदूक. कायद्याची हिच्यावर जरा मेहेरनजर आहे: संरक्षणासाठी २० इंचांहून कमी नसलेल्या नळीची, गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाचा अर्ज कलम १३ मध्ये वेगळा धरला आहे. किंमत कमी, यंत्रणा साधी. पण आमची दुनळी टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ चार फूट आहे आणि पॅसेज तीन फुटांचा. मी ती रिकामी घेऊन बेडरूममधून हॉलमध्ये वळायचा प्रयत्न केला तेव्हा नळी आधी चौकटीला लागली, मग देव्हाऱ्याला. ज्याच्याकडे बंगला आहे, जो एका खोलीत दार धरून बसू शकतो, त्याला ती उत्तम. आणखी एक गैरसमज: छर्रे पसरतात, म्हणून नेम नको. खोलीतल्या अंतरावर छर्रे पंजाएवढेही पसरत नाहीत. नेम लागतोच.

बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. नवख्याला मी हेच सांगतो. सहा काडतुसं, सिलिंडर (काडतुसांची फिरती चकरी) उघडला की भरलंय की रिकामं हे दिवसाउजेडी दिसतं, अंधारात बोटाला कळतं. एखादं काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. तोटा म्हणजे घोडा न चढवता ओढलेला चाप जड असतो, आणि त्या जडपणात नळी हलते. त्यावरचा उपाय पुढे सरावात आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं, साधारण ५०० ग्रॅमचं, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. २०२३ मध्ये 'प्रबल' आलं. हलकं म्हणजे सोयीचं असं दुकानात वाटतं. पण वजन कमी तेवढा झटका हाताला जास्त. ज्यांचा पंजा लहान आहे त्यांनी मूठ धरून बघावी: बोटाचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे, मनगट वाकवावं लागता कामा नये.

बत्तीस बोअरचं पिस्तूल. चपटं, दिसायला छान, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, सात-आठ काडतुसं. पण स्लाइड (नळीवरचा सरकणारा भाग) मागे ओढायला जोर लागतो, घामेजल्या हाताने ती निसटते, काडतूस अडकलं तर सोडवायची सवय हवी. आणि सर्वांत धोकादायक म्हणजे मॅगझिन काढलं तरी नळीत एक काडतूस राहू शकतं. 'रिकामं होतं हो' म्हणून झालेले अपघात बहुतेक याच जातीचे. वर्षभर नियमित रेंजवर जाणाऱ्यानेच हे घ्यावं.

इथे एक खाचखळगा: बत्तीस म्हणजे सगळं बत्तीस एकच नव्हे. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब असतं, पिस्तुलाचं आखूड. दोन्हींच्या परवान्यावर बत्तीसच लिहिलेलं असतं. दुकानदाराला बोअर सांगू नका, कुठल्या शस्त्रासाठी हवं ते सांगा. काडतुसं बहुधा आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची मिळतात, बुडावर 'केएफ' असा शिक्का बघा.

जुनं शस्त्र घेणार असाल तर ओळखीतल्या माणसाकडून परस्पर घेता येत नाही. विकणाऱ्याने लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. घेण्याआधी कारागिराकडून तपासा: नळीत गंजाचे खड्डे, सिलिंडर हलतो का, आणि जमिनीवर पडलं तर घोडा काडतुसावर आपटू नये म्हणून असलेला अडथळा शाबूत आहे का. २०२४ च्या ऑक्टोबरात जुहूला एका नामवंत अभिनेत्याच्या स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पहाटे त्याच्या पायात शिरली. त्या सकाळी माझा फोन थांबत नव्हता.

पायरी सहावी: कुलूप, गंज आणि खंडेनवमी

लॉकर भिंतीत किंवा फरशीत बोल्टने पक्का केलेला हवा, नाहीतर चोर लॉकरसकट नेतो. शस्त्र रिकामं, काडतुसं वेगळ्या कुलपात. आकडा कुणाचा वाढदिवस नको. मुलांना वाढदिवस पाठ असतात. मुलं शोधणार नाहीत अशी जागा घरात नसते. माझ्या भाच्याने सहाव्या वर्षी माझ्या कपाटातून दिवाळीची लपवलेली मिठाई काढली होती, आणि ती मलाही सापडत नव्हती.

मुंबईची हवा लोखंडाची वैरीण. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी काढा, मऊ फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा. लॉकरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ओल्या झाल्या की बदला. कातड्याच्या म्यानात शस्त्र ठेवू नका, कातडं ओल धरतं. आजोबांच्या कातडी पट्ट्यात वर्षानुवर्षं खोचलेल्या काडतुसांचं पितळ मी पाहिलं तेव्हा त्यावर हिरवा थर चढला होता, तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतो तसा. ती काडतुसं वापरायची नाहीत आणि कचऱ्यातही टाकायची नाहीत. ठाण्यात विचारून जमा करा.

घरात शस्त्रपूजा होत असेल तर खंडेनवमीला शस्त्र आदल्या दिवशी साफ करून, रिकामं आहे हे दोघांनी बघून मगच पाटावर ठेवा. हळदकुंकू नळीत जाऊ देऊ नका. फोटो काढून स्टेटसला टाकायची हौस आवरा. घरात काय आहे हे कुणाला कळायचं कारण नाही. आणि आनंदात हवेत बार काढायचा विचार मनात आला तर आठवा, त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वर गेलेली गोळी खाली येतेच.

पायरी सातवी: सराव

घरचा सराव रिकाम्या शस्त्राने. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून त्या खोलीचं दार लावा. सिलिंडर उघडून सहाही घरं डोळ्याने बघा, मग बोट घालून बघा. डमी काडतुसं घाला. नेम नेहमी एकाच जागी: मी जाड कॉलमपुढे वाळूने भरलेली बादली ठेवतो. फोन वाजला, बेल वाजली, कुणी हाक मारली तर त्या दिवसाचा सराव संपला. अपघात 'अजून एकदाच' म्हणताना होतात.

आता रुपयाचं नाणं घ्या. रिव्हॉल्व्हर नेमात धरा आणि कुणाला तरी नाणं नळीवर, पुढच्या टोकाजवळ, आडवं ठेवायला सांगा. त्याने बाजूने हात आणायचा, नळीसमोरून नाही. सावकाश चाप ओढा. घोडा आपटला तरी नाणं पडता कामा नये. पहिल्या दिवशी माझं नाणं चाप अर्धा ओढायच्या आतच पडत होतं, कारण मी चापाबरोबर अख्खी मूठ आवळत होतो. बाकीची बोटं गप्प, फक्त एक बोट हलतंय, हे जमायला तीन आठवडे लागले. रोज दहा वेळा, पाच मिनिटं. यापेक्षा जास्त करू नका, हात थकला की चुकीची सवय मुरते.

खऱ्या गोळ्यांचा सराव फक्त मान्यताप्राप्त रेंजवर, आणि स्वतःचं शस्त्र आणू देतात का हे आधी विचारून. नेताना रिकामं, कुलपाच्या पेटीत, काडतुसं वेगळी, मूळ परवाना खिशात. लोकलच्या गर्दीतून नेऊ नका. टॅक्सीचे पैसे सरावाच्या खर्चात धरा. कानाला इअरमफ, डोळ्याला चष्मा. बंद जागेत एका बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आणि गेलेला कान परत येत नाही. परत आल्यावर साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका, बोटांवर शिसं असतं.

वीस-पंचवीस काडतुसं एका वेळी पुरे. पाच आणि सात मीटरवर, कारण तुमच्या टेपने तेच अंतर सांगितलंय. वेग नको. पहिले तीन महिने सगळी छिद्रं एका ताटलीत बसली पाहिजेत एवढंच. महिन्यातून एकदा तरी जाणं होत नसेल तर शस्त्र विकून टाका, हे मी गंभीरपणे म्हणतोय.

पायरी आठवी: त्या रात्रीचं आधी ठरवा

घरातल्या सगळ्यांनी जमायची एक खोली ठरवा, ज्या दिशेला नकाशात लाल रेघा कमीत कमी आहेत अशी. आवाज आला की सगळे तिथे, दार बंद, दिवा लावा, ११२ ला फोन, मोठ्याने ओरडा. "पोलिसांना फोन केलाय" हे वाक्य मुंबईतल्या बहुतेक चोरांना पुरतं. त्यांना तुमचा टीव्ही हवा असतो, तुम्ही नको असता. घरभर शोधत फिरू नका. उशिरा येणारा मुलगा, रातराणीने पहाटे उतरलेला पाहुणा, पाणी प्यायला उठलेली आई, अंधारात सगळ्यांची सावली सारखीच दिसते. टॉर्च वेगळा हवा, आणि माणूस कोण आहे हे दिसल्याशिवाय बोट चापावर नको.

कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, खाजगी संरक्षणाची कलमं ३४ ते ४४. जिवाला किंवा गंभीर इजेचा खराखुरा धोका असेल तर समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क पोचू शकतो. जबरी चोरी आणि सूर्यास्तानंतर सूर्योदयापूर्वीची घरफोडी यांचा उल्लेख कलम ४१ मध्ये आहे. पण त्याआधी कलम ३७ वाचा: गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्कच नाही. जिन्यावरून पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा माणूस स्वसंरक्षण करत नसतो.

गोळी सुटलीच तर शस्त्र खाली ठेवा, ११२ आणि १०८ दोन्हीला फोन करा, जखमीला मदत करा, पुंगळी उचलू नका, फरशी पुसू नका. वकिलाचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला असू द्या.

एक शेवटचं काम राहिलं. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. मी गेलो तर माझी दोन्ही शस्त्रं त्या क्षणापासून कुणाच्याही परवान्यावर नाहीत, आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. वारसाला हवी असतील तर त्याने नंतर स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. आजोबा गेले तेव्हा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं आणि दुनळी चार महिने माळ्यावर पडून राहिली. वडिलांना त्यापायी ठाण्याचे किती हेलपाटे पडले ते मला आठवतं. म्हणून लॉकरच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: दोन्ही शस्त्रांचे नंबर, परवान्याचा नंबर, कुठे जमा करायचं, पावती कशी मागायची. परवा बायकोने तो वाचला आणि पेन घेऊन ठाण्याचा फोन नंबर खोडून नवा लिहिला. जुना दोन वर्षांपूर्वीच बदलला होता म्हणे.